शहर बघून झालं, आता वाचायला घ्या

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय:

“आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही परदेशात राहायला आलो. शहर सुंदर आहे, तक्रार काही नाही. पहिल्या दोन महिन्यांतच बघण्यासारखं सगळं बघून झालं. आता रोज त्याच रस्त्यांवरून जाते-येते आणि मला काहीच दिसत नाही. शेजारी हसतात, हवापाण्याचं दोन वाक्यं बोलतात आणि दार लावून घेतात. इथली भाषा बोलताना अडखळते, वाचायला त्याहून बरी जमते. एक मैत्रीण म्हणते, तिथल्या लेखकांच्या कादंबऱ्या वाच, देश आपला वाटायला लागेल. नवरा म्हणतो, पुस्तकात तोंड खुपसून बसण्यापेक्षा बाहेर पड, माणसांत मिसळ. मी काही साहित्याची विद्यार्थिनी नाही. इकडे येईपर्यंत अकाउंट्समध्ये नोकरी करत होते. मैत्रिणीचं खरं की नवऱ्याचं? आणि वाचायचंच तर सुरुवात कुठून करू?

ता. क. इथली सगळ्यांत गाजलेली कादंबरी हौसेनं आणली. साठएक पानांवर गाडी अडलीय. लाज वाटते.”

– बघून झालेल्या शहरातली एक

सप्रेम नमस्कार.

शहराचं नाव छापू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून छापत नाही. एका परीनं बरंच झालं. ‘अमक्या शहरात जाण्यापूर्वी वाचायची दहा पुस्तकं’ अशा याद्या पोत्यानं मिळतात आणि त्यातल्या बऱ्याचशा ती पुस्तकं न वाचताच केलेल्या असाव्यात असा मला संशय आहे. मी उदाहरणं दुसऱ्या शहरांची देते. ती तुमच्या शहराला लावून बघायचं काम तुमचं.

आधी मैत्रिणीचं. कादंबरी वाचून परका देश आपला वाटायला लागतो, हे मला पटत नाही. देश आपला व्हायला तिथल्या दवाखान्यात ताटकळावं लागतं, सरकारी फॉर्म चुकला म्हणून पुन्हा भरावा लागतो, कुणाच्या तरी मयताला जावं लागतं, हुज्जत घालण्याइतकी भाषा यावी लागते. यातलं काहीही पुस्तक करून देत नाही. ते जे करतं ते याहून छोटं आहे, पण तुमच्या दुखण्यावर नेमकं लागू पडणारं आहे. ‘मला काहीच दिसत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. दिसणार कसं? त्या रस्त्यांवर कुणाचं काय घडलं, हे तुम्हाला ठाऊकच नाही. नुसती इमारत एकदा बघितली की संपते. तिच्या तिसऱ्या मजल्यावरून कोण कुणाशी भांडून कायमचं निघून गेलं हे माहीत असेल, तर मात्र मान वर केल्याशिवाय तिच्या समोरून जाता येत नाही.

तुम्ही अकाउंट्सवाल्या, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. बॅलन्स शीट बघून कंपनीचा अंदाज येतो; पण पैसा कुठे गेला, कुणाच्या सहीनं गेला आणि कोणत्या लाजिरवाण्या कारणासाठी गेला, हे कळायला व्हाउचरची फाइल काढावी लागते. गाइडबुक म्हणजे बॅलन्स शीट. कादंबरी म्हणजे ती फाइल.

कैरोचं उदाहरण घ्या. जुन्या कैरोत गेलेला प्रत्येक पर्यटक लाकडी जाळीच्या खिडक्यांचे फोटो काढतो. मश्रबिया म्हणतात त्यांना. भिंतीतून रस्त्यावर पुढे आलेला लाकडी सज्जा आणि त्याला लाकडाच्या बारीक तुकड्यांची दाट जाळी. गाइड सांगतो की यानं ऊन अडतं, वारा खेळतो आणि आतल्या बायका बाहेरून दिसत नाहीत. सगळं खरं. फोटो काढला, पुढे चला.

नगीब महफूज यांच्या तीन कादंबऱ्यांची मालिका १९५६-५७ मध्ये आली. तिन्हींना जुन्या कैरोतल्या ठिकाणांचीच नावं आहेत. पहिलीची सुरुवात मध्यरात्री होते. अमीना नावाची बाई कुठल्याही गजराशिवाय जागी होते, कारण नवरा मैफली उरकून घरी यायची वेळ झालीय आणि त्याला जिन्यात दिवा दाखवायचाय. तो येईपर्यंत ती मश्रबियात उभी राहते आणि जाळीच्या भोकांतून खालचा रस्ता बघते. तिचं जग एवढंच. घराबाहेर पडायचं ते क्वचित, आईकडे, तेही नवऱ्याबरोबर. गच्चीवरून तिला मिनार दिसतात. हुसेनच्या मशिदीचं दर्शन घ्यावं ही तिची वर्षानुवर्षांची इच्छा, पण विचारायची सोय नाही. एकदा नवरा परगावी जातो, मुलं आग्रह करतात आणि ती धाकट्याचा हात धरून निघते. दर्शन होतं. परतताना तिला मोटारीचा धक्का बसतो, गळपट्टीचं हाड मोडतं. नवरा ओरडत नाही. हाड जुळेपर्यंत थांबतो आणि मग तिला माहेरी जायला सांगतो.

हे वाचलेला माणूस त्या गल्लीत गेला, की तो खिडकीकडे नाही, खिडकीतून खाली बघायला लागतो. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: त्याच्याकडे आता विचारायला प्रश्न असतो. कैरोतल्या शेजारणीला तुम्ही कोरडेपणानं ‘तुमच्या आजीला घराबाहेर पडायची मुभा होती का हो?’ असं विचारलंत, तर ती रास्तपणे दुखावेल. पण ‘मी महफूज वाचतेय, अमीनाचा फार राग येतो आणि दयाही येते’ असं म्हणालात, तर आजीचा विषय ती स्वतःच काढण्याची शक्यता बरीच आहे. किंवा म्हणेल, ‘आमची आजी मुळीच तशी नव्हती, हे सगळं लेखकांनी रंगवलेलं!’ तेही उत्तम. हवापाण्याच्या पुढे गेलात ना तुम्ही?

आता सुरुवात कुठून. सगळ्यांत गाजलेल्या, जाड, नोबेलवाल्या पुस्तकापासून नको. रहस्यकथेपासून करा. नाक मुरडू नका. पोलिसकथेइतकं शहराचं पोट दुसरं काही उघडून दाखवत नाही, कारण तपास करणाऱ्या माणसाला सगळीकडे जावं लागतं: श्रीमंताच्या बंगल्यात, भाड्याच्या खोलीत, वखारीत, शवागारात, ज्या सरकारी कचेरीत कुणी धड उत्तर देत नाही तिथेही. स्वीडनमध्ये माय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलिस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघं डाव्या विचारांचे. ज्या कल्याणकारी राज्याचं जग कौतुक करत होतं, त्याची शिवण कुठे उसवलीय हे दाखवायला त्यांनी मुद्दाम हा प्रकार निवडला. एका कादंबरीची सुरुवात १९६७ च्या नोव्हेंबरातल्या पावसाळी संध्याकाळी होते. व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा मोर्चा अमेरिकी वकिलातीकडे निघालाय, स्टॉकहोमचे पोलिस तो अडवायला तिकडे गोळा झालेत आणि त्याच रात्री एका बसमधल्या प्रवाशांवर कुणीतरी गोळ्या झाडतं. खुनी कोण हे मी सांगणार नाही. पण पहिली काही पानं वाचली तरी त्या काळच्या स्वीडनमध्ये पोलिसांना जनतेची किती भीती वाटत होती आणि जनतेला पोलिसांची किती चीड होती, हे कळतं. समाजशास्त्राचं पुस्तक हेच सांगायला चार प्रकरणं घेईल, आणि तुम्ही ते वाचणार नाही. मीही नाही.

तुमच्या भाषेच्या अडचणीवरही हाच उपाय चालतो. पोलिसकथेत वाक्यं आखूड असतात, संवाद भरपूर असतात आणि पुढे काय झालं हे कळायची ओढ असल्यामुळे न कळलेला शब्द ओलांडून पुढे जाता येतं. आधी मराठीत किंवा इंग्रजीत वाचलेली एखादी रहस्यकथा तिथल्या भाषेत पुन्हा वाचा. खुनी ठाऊक असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे राहतं. त्यानंतर नाटकं. नाटकात माणसं नुसती बोलतात, आणि तुम्हाला बोलायचंच शिकायचंय. नव्यानं भाषा शिकणाऱ्यांना लहान मुलांची पुस्तकं हमखास सुचवली जातात. चित्रांची असतील तर ठीक, पण गाजलेली बालपुस्तकं बरेचदा शब्दांच्या कोलांट्याउड्यांवर चाललेली असतात आणि मोठ्यांच्या कादंबरीहून अवघड जातात. तिथे अडलात तर खचू नका.

दुसरी वाट मला स्वतःला फार आवडते. शेजाऱ्यांना विचारा, ‘शाळेत तुम्हाला कुठलं पुस्तक वाचायला लावलं होतं?’ आवडतं पुस्तक विचारलंत तर लोक विचार करून, शोभेलसं उत्तर देतात. शाळेतलं विचारलंत की चेहरा बदलतो. कुणी कपाळाला हात लावतं, कुणी मास्तरांची नक्कल करतं, कुणी चार ओळी धडाधड म्हणून दाखवतं. हा प्रश्न तुम्ही पोलंडमध्ये विचारलात, तर ‘पान तादेऊश’ हे नाव निघाल्याशिवाय राहणार नाही. अदाम मित्सक्येविच यांचं हे महाकाव्य १८३४ मध्ये छापलं गेलं. पोलंडच्या मुलांना त्याची सुरुवात पाठ असते. आणि गंमत बघा, पोलिश राष्ट्राचं हे काव्य पहिल्याच ओळीत मायभूमी म्हणून हाक मारतं ती लिथुआनियाला! कवीचं जन्मगाव आज तिसऱ्याच देशात, बेलारूसमध्ये आहे. छापलं गेलं पॅरिसमध्ये, कारण पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हताच; १७९५ मध्ये शेजारच्या सत्तांनी तो वाटून घेतला होता आणि १९१८ पर्यंत तो परत आला नाही. एवढा सगळा इतिहास एका हाकेत बसलाय. सीमा, जमीन, शेजारी देश या गोष्टींवर तिथली माणसं इतकी हळवी का आहेत, हे वर्तमानपत्रापेक्षा तिथे लवकर उमगतं.

त्याच सुरुवातीला कवी म्हणतो की मायभूमी ही तब्येतीसारखी असते, गमावली की किंमत कळते. परक्या शहरात बसून लिहिणाऱ्या माणसाचे हे उद्गार. आठ महिन्यांनी तुम्हाला ते वेगळे समजावून सांगायला नकोत.

इथे एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मी सुचवते. त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचं लेखन वाचाच, पण तुमच्यासारखे बाहेरून आलेल्यांनी तिथे बसून लिहिलेलंही शोधा. सॅम सेल्व्हन हे त्रिनिदादचे लेखक १९५० मध्ये लंडनला आले आणि १९५६ मध्ये कॅरिबियन बेटांवरून तिथे पोचलेल्या माणसांवर त्यांची कादंबरी आली. तिची सुरुवात वॉटर्लू स्टेशनवर होते. हिवाळ्याची संध्याकाळ, धुकं. तिथे मुरलेला मोझेस कुणातरी अनोळखी माणसाला उतरवून घ्यायला आलाय आणि मनातून वैतागलाय. गाडीतून उतरतो तो गॅलहॅड. अंगात उन्हाळी पातळ सूट, सामान काहीच नाही. टूथब्रश तेवढा खिशात. थंडी वाजत नाही का म्हणून विचारलं तर म्हणतो, छे, उलट उकडतंय. मोझेस अवाक. पुढे बरंच घडतं: खोल्यांचे नकार, नोकरीच्या रांगा, घासून घासून पुरवलेले पैसे, रविवारी सगळ्यांनी मोझेसच्या खोलीत जमून केलेली बडबड. मला विचाराल तर परदेशात पहिलं वर्ष काढणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं, मग तो लंडनमध्ये असो वा नसो. दुःख हलकं होतं म्हणून नव्हे. आपलं एकटेपण हा आपल्या स्वभावाचा दोष आहे असं जे वाटायला लागतं, ते थांबतं म्हणून.

आता दोन धोके. पहिला म्हणजे पुस्तक कुणी लिहिलंय हे न बघणं. देशाविषयी सगळ्यांत सहज हाती लागणारी पुस्तकं पुष्कळदा तिथे चार दिवस राहून गेलेल्या पाहुण्यांनी लिहिलेली असतात. ती चुरचुरीत असतात आणि वाचताना आपल्याला शहाणं झाल्यासारखं वाटतं. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांची पहिली कादंबरी १९५८ मध्ये आली. तिच्यात ओकोंक्वो नावाच्या माणसाचं अख्खं आयुष्य आपण वाचतो: बापाची लाज, शेतातली मेहनत, बायका-मुलं, देवधर्म, हट्ट आणि शेवट. अगदी शेवटच्या परिच्छेदात मात्र कॅमेरा इंग्रज अधिकाऱ्याकडे वळतो. तो या प्रदेशावर पुस्तक लिहितोय. या माणसाची कहाणी त्यात घालावी असं त्याच्या मनात येतं. एक प्रकरण देऊ? नको, तेवढं नको, एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण ज्याच्यासाठी आपण अख्खी कादंबरी वाचली त्याला तो परिच्छेदात गुंडाळतोय. परदेशात राहणाऱ्या सगळ्यांनाच ही सवय लागते. घरी फोनवर ‘इकडचे लोक ना, असेच’ म्हणताना आपणही तेच करतो. तुम्हीही शेजाऱ्यांना एका वाक्यात बसवलंय, जरा बघा पत्र परत वाचून.

दुसरा धोका काळाचा. कादंबरीतलं शहर आणि तुमच्या बसथांब्याचं शहर यांत शंभर वर्षांचं अंतर असू शकतं. आल्फ्रेड ड्योब्लिन यांनी १९२९ मध्ये बर्लिनच्या ज्या चौकावर कादंबरी लिहिली, तो चौक आज शोधायला गेलात तर सापडत नाही. युद्धात तो भाग उद्‌ध्वस्त झाला, मग पूर्व जर्मनीनं तो आपल्या पद्धतीनं बांधला. १९६९ मध्ये सुरू झालेला टीव्ही टॉवर तिथे सगळ्यांत आधी नजरेत भरतो. पण न सापडणं हेही काही कमी नाही. नुसत्या पर्यटकाला तिथे एक मोठा, वाऱ्याचा, जरा रुक्ष चौक दिसतो. वाचून गेलेल्याला तिथे काय नाही ते दिसतं.

आणि कधीकधी जुनं पुस्तक आपल्या डोक्यातलं चित्र पुसूनही टाकतं. पीटर्सबर्ग म्हटलं की आपल्याला बर्फ, फरच्या टोप्या आणि राजवाडे आठवतात. दस्तयेव्हस्की यांची १८६६ ची गाजलेली खुनाची कादंबरी सुरू होते ती जुलैच्या उकाड्यात. धूळ, चुना, बांधकामाच्या परांच्या, दारूच्या गुत्त्यांची दुर्गंधी, आणि भाड्याच्या कोंदट खोलीतून घरमालकिणीला चुकवून जिना उतरणारा कर्जबाजारी विद्यार्थी. सावकारीण राहते त्या घरापर्यंत बरोबर ७३० पावलं आहेत, हे त्यानं मोजून ठेवलंय. वाचक आजही त्या भागात पावलं मोजत फिरतात.

अशा यात्रांविषयी मात्र माझं मत थोडं तिरकस आहे. लेखकाचं घर, लेखकाचं टेबल, लेखकाचा चष्मा, दोरीपलीकडून बघायचा. पुस्तक वाचलेलं नसेल तर तो चष्मा कुणाचाही असू शकतो. अपवाद आहेत. इस्तंबूलमध्ये ओरहान पामुक यांनी २००८ मध्ये एक प्रेमकथा प्रसिद्ध केली आणि २०१२ मध्ये चुकुरजुमा भागातल्या एका घरात तिचंच संग्रहालय उघडलं. कादंबरीची प्रकरणं ८३, तशीच कपाटं. नायकानं प्रेयसीच्या ओढलेल्या सिगारेटींची थोटकं जमवलेली असतात. ती ४,२१३ थोटकं भिंतीवर टाचणीनं लावून ठेवलीत. कादंबरीच्या एका पानावर तिकीट छापलंय, पुस्तक घेऊन गेलात तर त्यावर शिक्का मारून आत सोडतात. खरी गोष्ट ही की बाकीच्या कपाटांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इस्तंबूलमधल्या मध्यमवर्गीय घरांतलं बारीकसारीक सामान आहे. राजवाडे आणि मशिदी बघून आलेल्याला तिथे पहिल्यांदा कळतं की या शहरात माणसं राहतात.

आता नवऱ्याचं. त्यांचं निम्मं बरोबर आहे. जपानचे नात्सुमे सोसेकी यांना १९०० साली सरकारनं इंग्रजीच्या अभ्यासासाठी लंडनला पाठवलं. शिष्यवृत्ती तुटपुंजी. त्यांनी वर्ग लवकरच सोडले, पैसे पुस्तकांत घातले, एकामागून एक भाड्याच्या खोल्या बदलल्या आणि दार लावून वाचत बसले. इतके, की डोकं फिरल्याची बातमी जपानपर्यंत पोचली. लंडनची ती दोन वर्षं आयुष्यातली सगळ्यांत वाईट होती असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. परत गेल्यावर ते जपानचे थोर कादंबरीकार झाले, १९८४ मध्ये त्यांचा चेहरा हजार येनच्या नोटेवर आला, हे सगळं खरं; पण त्या दोन वर्षांत त्यांच्याइतकं इंग्रजी साहित्य वाचणारा आणि त्यांच्याइतका एकटा माणूस लंडनमध्ये विरळाच असेल. आणि नंतर त्या काळाविषयी त्यांनी जे मायेनं लिहिलं, ते पुस्तकांविषयी नव्हे. शिकवणीसाठी ज्यांच्याकडे ते जायचे त्या विसरभोळ्या क्रेग मास्तरांविषयी.

तेव्हा वाचा, पण दार लावून नको. माणसांबरोबर वाचायची सोय जवळपास प्रत्येक शहरात असते. डब्लिनमध्ये एक जुनं औषधांचं दुकान आहे. जेम्स जॉइस यांच्या १९२२ च्या कादंबरीत नायक तिथे लिंबाच्या वासाचा साबण घेतो. आता तिथे औषधं मिळत नाहीत. स्वयंसेवक ती जागा चालवत आलेत आणि येईल त्यानं बसून जॉइस मोठ्यानं वाचायचा, आळीपाळीनं, असा तिथला रिवाज आहे. उच्चार चुकले तरी चालतात, कारण ते पुस्तक कुणालाच सरळ वाचता येत नाही! तुमच्या शहरात असं दुकान नसेल, पण सार्वजनिक वाचनालय असेल. तिथे पुस्तकचर्चेचा गट, नव्यानं आलेल्यांसाठी संभाषणाचा तास किंवा लेखकाच्या वाचनाचा कार्यक्रम यांपैकी काहीतरी बहुतेक असतंच. फलक बघा, काउंटरवर विचारा. पुस्तकचर्चेत भाषा कच्ची असलेल्या माणसाला एक फायदा असतो: विषय आधीच ठाऊक असतो. चहापानाच्या गप्पांत कुठला विषय कधी निघेल सांगता येत नाही, इथे तुम्ही दोन वाक्यं घरून तयार करून नेऊ शकता. पहिल्या दोन-तीन वेळा तेवढंच बोलून गप्प बसा. कुणाला खटकत नाही. परदेशी वाचकाला काय वाटलं, याचं लोकांना खरोखर कुतूहल असतं, कारण स्वतःच्या शहराबद्दल बाहेरच्यानं बोललेलं त्यांना क्वचित ऐकायला मिळतं.

नवऱ्यालाही ओढा यात. आठवड्यातून एक संध्याकाळ, रहस्यकथेतली दोन-तीन पानं तुम्ही वाचायची, तो भाग शहरात असेल तर रविवारी तिकडे फिरायला जायचं. त्यांना वाचायची सक्ती करू नका. ऐकणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात ‘पुढे काय झालं?’ विचारतो.

जॉइसचं आणखी एक सांगायचं राहिलं, ते परदेशात राहणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी १९०४ मध्ये डब्लिन सोडलं आणि ती अख्खी कादंबरी त्रिएस्त, झुरिक आणि पॅरिसमध्ये बसून लिहिली. कादंबरी घडते डब्लिनमध्ये, एकाच दिवसात, १६ जून १९०४ रोजी. शेवटच्या टप्प्यात त्यांनी पॅरिसहून डब्लिनच्या मामीला पत्र टाकून विचारलं: एक्लस स्ट्रीटवरच्या सात नंबरच्या घराच्या कठड्यावरून साधारण माणसाला पलीकडे उतरून, इजा न होता खाली उडी मारता येईल का? कादंबरीत नायक किल्ली विसरल्यामुळे तेच करणार होता. सोडून आलेल्या शहराविषयी इतका नेमका प्रश्न पडायला आधी तिथे किती डोळे उघडे ठेवून राहावं लागलं असेल! तुम्हीही एक वही करा. वाचलेलं उतरवून काढू नका. पुस्तकात एखादा जिना, थांबा, बाजार आला की प्रत्यक्षात जाऊन बघायचा आणि पुस्तकात नसलेली एक गोष्ट लिहायची. एकच. व्हाउचर तपासायची सवय आहेच तुम्हाला.

राहता राहिला तुमचा ता. क. साठ पानांवर अडलेली ती कादंबरी सरळ बाजूला ठेवा. वाचनालयाची असेल तर परत करा, विकत घेतली असेल तर वरच्या फळीवर टाका. लाजेचं काही कारण नाही. गाजलेली जाड पुस्तकं त्या देशातल्या लोकांनीही पुष्कळदा अर्धवटच सोडलेली असतात, आणि शेजारणीशी पहिलं खरं बोलणं यावरूनच सुरू व्हायची शक्यता मला जास्त दिसते. तिला विचारा, ‘तुम्ही ही पूर्ण वाचलीत का हो?’ खरं बोलणारी असेल तर ती आधी जिन्यात कुणी ऐकत नाही ना बघेल आणि मग सांगेल.